मला, माझ्याकडे, माझ्याजवळ: ‘हॅव’ वापरण्यापूर्वी

‘आहे रे’ आणि ‘नाही रे’ ही जोडी मराठीत इतकी मुरली आहे की ती इंग्रजीतल्या ‘हॅव्ज’ आणि ‘हॅव-नॉट्स’ यांना शोधलेली प्रतिशब्दांची जोडी आहे, याचा विसरच पडतो. कल्पना तशी जुनी. सर्व्हान्तेसच्या ‘डॉन किहोते’चा दुसरा भाग १६१५ साली आला, त्यात सांचो पान्झा आपल्या आजीचा हवाला देऊन जगात दोनच घराणी असल्याचं सांगतो, एक असणाऱ्यांचं आणि दुसरं नसणाऱ्यांचं. सांचोच्या स्पॅनिशमध्ये त्यासाठी ‘तेनेर’ हे क्रियापद आहे. ते ज्या लॅटिन क्रियापदावरून आलं त्याचा अर्थ धरून ठेवणे. इंग्रजीने ‘हॅव’ वापरलं. मराठीने मात्र कोणाच्या हातात काही दिलंच नाही. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्यावर काम भागवलं आणि वर ‘रे’ लावून हाकही मारली.

दुसरं काही करणं मराठीला शक्यच नव्हतं. मराठीत ‘हॅव’ नाही. बाळगणे, राखणे, जवळ असणे असे जवळपास जाणारे शब्द आहेत, पण ‘आय हॅव टू ब्रदर्स’ या चार शब्दांतलं ‘हॅव’ उचलून त्याच्या जागी ठेवावं असं एकही क्रियापद नाही. ‘मी दोन भाऊ बाळगतो’ म्हणणाऱ्याकडे लोक संशयाने पाहतील.

यात मराठीचं काही उणं आहे असं समजायचं कारण नाही. मालकी कशी सांगतात या मुद्द्यावर लिओन स्टासन या डच भाषाशास्त्रज्ञाने जगभरच्या २४० भाषांची तुलना केली. त्यांपैकी चतुर्थांशाच्या आसपास भाषाच ‘हॅव’सारखं सकर्मक क्रियापद वापरताना आढळल्या. बाकीच्या ‘मला आहे’, ‘माझं आहे’, ‘माझ्यापाशी आहे’, ‘मी अमुकासह आहे’ अशा नाना वाटांनी जातात. रशियन, फिनिश, हंगेरियन, आयरिश, हिब्रू आणि भारतातल्या बहुतेक मोठ्या भाषा याच बाजूच्या. एमील बेनव्हेनिस्त या फ्रेंच भाषापंडिताने १९६०च्या एका प्रसिद्ध निबंधात ‘असणे’ आणि ‘हॅव’ यांचं नातं उलगडताना म्हटलं, त्याचा मथितार्थ असा, की ‘हॅव’ म्हणजे ‘कोणाला तरी असणे’ हीच रचना, फक्त उलटी फिरवलेली. मराठीत वस्तू कर्ता असते आणि माणूस विभक्तीत उभा राहतो. इंग्रजीत माणूस पुढे येऊन कर्ता होतो आणि वस्तू त्याच्या मुठीत जाते.

आणि हे क्रियापद टाळावं म्हटलं तर टाळता येत नाही. ऑक्सफर्डच्या प्रचंड इंग्रजी शब्दसंग्रहातून काढलेल्या, सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या यादीत ‘हॅव’ नववं आहे. क्रियापदांत त्याच्या वर फक्त ‘बी’. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवलं जातं. त्याआधीच्या मराठी माध्यमाच्या पिढ्यांना ते पाचवीत भेटलं. पण पहिलीत भेटो की पाचवीत, ‘आय हॅव अ डॉल’ हे वाक्य पहिल्या काही धड्यांतच येतं, मूल ते बिनचूक पाठ करतं, आणि पुढे तीस-चाळीस वर्षं त्याच क्रियापदाशी अडखळत राहतं. चुका हुशारांच्याही होतात. बहुतेक चुकांच्या मुळाशी अगदी शुद्ध मराठी व्याकरण असतं. पुढची प्रकरणं याच समजुतीवर बेतली आहेत, म्हणून इंग्रजीकडे वळण्यापूर्वी मराठी काय करते ते नीट पाहायला हवं.

‘मला दोन भाऊ आहेत.’ ‘माझ्याकडे गाडी आहे.’ ‘माझ्याजवळ सुट्टे नाहीत.’ ‘त्याच्या नावावर चार एकर आहे.’ ‘तिच्यात धमक आहे.’ ‘पोराच्या अंगात ताप आहे.’ ‘या खोलीला दोन खिडक्या आहेत.’ सात वाक्यांत इंग्रजी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ खपून जातं. मराठीने मात्र दर वेळी वेगळा संबंध नोंदवला आहे. अदलाबदल करून पाहिली की या नोंदी किती काटेकोर आहेत ते कळतं. ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ म्हटलं की ते भाऊ कोणाचे तरी आहेत आणि सध्या मुक्कामाला आपल्या घरी आहेत, असं ऐकणारा समजतो. ‘त्याच्याकडे चार एकर आहे’ म्हटलं तर गावातला माणूस लगेच विचारेल, स्वतःची की वाट्याने केलेली? ‘मला गाडी आहे’ ऐकल्यावर, कोणीतरी गाडी न्यायला येणार आहे किंवा कंपनीने दिली आहे, असं वाटतं. रक्ताचं नातं, हाताशी असलेली चीज, कागदोपत्री मालकी, अंगचा गुण, अंगातलं दुखणं आणि वस्तूचा भाग या सगळ्यांना मराठी वेगवेगळ्या दारांनी आत घेते. इंग्रजीने या सगळ्यांना एकच दार ठेवलं आहे.

वर्गात पहिली फजिती इथेच होते. ‘माझ्याजवळ पेन नाही’ याचं ‘द पेन इज नॉट निअर मी’ होतं. ‘माझ्याकडे फाइल आहे’ याचं ‘द फाइल इज विथ मी’ होतं. हे दुसरं वाक्य तसं चालतं, आणि कचेऱ्यांतून इतकं चाललं आहे की ते भारतीय इंग्रजीचं अधिकृत नागरिक झालं आहे. ‘या खोलीला दोन खिडक्या आहेत’ याचं ‘देअर आर टू विंडोज टू धिस रूम’ होतं. निर्जीव खोली खिडक्या ‘बाळगते’ हे मराठी मनाला पटत नाही. पण इंग्रजीत ‘द रूम हॅज टू विंडोज’ हे अगदी साधं, रोजचं वाक्य आहे. गावाला नदी असते, टेबलाला पाय असतात, योजनेत त्रुटी असतात, आणि या सगळ्यांना तिथे ‘हॅज’ लागतं.

दुसरी चूक शिक्षक निष्काळजीपणाच्या खात्यात टाकतात: ‘ही हॅव टू ब्रदर्स’ आणि ‘दे हॅज वन सन’. ही वाक्यं मराठीत उलटून पाहावीत. ‘त्याला दोन भाऊ आहेत.’ ‘त्यांना एक मुलगा आहे.’ मराठी क्रियापद भावांकडे आणि मुलाकडे पाहून रूप घेतं. भाऊ दोन म्हणून ‘आहेत’, मुलगा एक म्हणून ‘आहे’. मालक किती, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. इंग्रजी क्रियापद नेमकं मालकाकडे पाहतं. ‘टू ब्रदर्स’ तोंडात असताना अनेकवचनी ‘हॅव’ आणि ‘वन सन’ असताना एकवचनी ‘हॅज’ सुचणं हे मराठीच्या हिशोबाने बरोबरच आहे. विद्यार्थ्याला ‘ही-शी-इटला हॅज’ असा पाढा देऊन हे सुटत नाही. वाक्यात नजर कुठे वळवायची तेवढं सांगितलं की बरंच सुटतं.

आता ‘आय अॅम हॅविंग’कडे. भारतीय इंग्रजीची टिंगल करणाऱ्यांचं हे आवडतं गिऱ्हाईक. ‘आय अॅम हॅविंग अ डाउट’, ‘आय अॅम हॅविंग टू चिल्ड्रन’. हे एकट्या मराठी माणसाचं नाही, देशभर ऐकू येतं. यामागे काय असावं याचा एक अंदाज मराठीपुरता करता येतो. मूळ वाक्यात ‘आहे’ ठळक असतं आणि शाळेने ‘आहे’ म्हणजे ‘अॅम-इज-आर’ असं पक्कं केलेलं असतं. शिवाय मालकीसाठी ‘हॅव’ हवं हेही ठाऊक असतं. दोघांनाही न दुखावता वाक्यात बसवायचं तर ‘अॅम हॅविंग’ हाच मार्ग उरतो. त्यात ‘खात आहे’ म्हणजे ‘इज ईटिंग’ हे समीकरण हाताशी असतंच.

निस्सीम इझिकेल यांनी हे ‘इंग’ अचूक टिपलं. ‘व्हेरी इंडियन पोएम्स इन इंडियन इंग्लिश’ या त्यांच्या कवितांमध्ये बोलणारी माणसं साध्या वर्तमानकाळाला सहसा हात लावत नाहीत. इझिकेल १९२४ साली मुंबईत जन्मले, बेने इस्रायली, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेल्या समाजातले. वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंदिरा संतांच्या कवितांचे इंग्रजी अनुवादही केले, ते १९७५मध्ये पुस्तकरूपाने आले. त्या ‘इंग’वाल्या कविता हिणवणाऱ्या आहेत की मायेने लिहिलेल्या, यावर समीक्षक भांडत आले आहेत. कान मात्र पक्का होता, एवढं कोणीही कबूल करेल.

नियम असा की ‘हॅव’ जेव्हा नुसती स्थिती सांगतं, मालकी, नातं, गुण, शंका, तेव्हा त्याला ‘इंग’ लागत नाही. ते जेव्हा कृती किंवा घडामोड सांगतं तेव्हा खुशाल लागतं. ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर, कारण तिथे जेवण चाललं आहे. ‘दे आर हॅविंग अ पार्टी’ बरोबर. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे, आणि ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला दिवस गेले आहेत. त्यामुळे एखाद्या बाईने परदेशी सहकाऱ्याला ‘आय अॅम हॅविंग टू चिल्ड्रन’ असं सांगितलं, तर तो जुळ्यांबद्दल अभिनंदन करण्याचा संभव आहे.

कृतीवाल्या ‘हॅव’चा संसार मोठा आहे, आणि तिथे मराठी माणूस उलट चूक करतो. त्याला ‘हॅव’ आठवतच नाही. ‘चहा घेणार का?’ हे डोक्यात असल्याने ‘विल यू टेक टी?’ होतं, ‘विल यू हॅव सम टी?’ होत नाही. मराठीत स्वप्न ‘पडतं’ किंवा माणूस ते ‘पाहतो’, म्हणून ‘आय सॉ अ ड्रीम’. इंग्रजीत स्वप्नही ‘हॅव’ करायचं असतं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३चं वॉशिंग्टनमधलं भाषण जगाला ‘आय हॅव अ ड्रीम’ या नावाने ठाऊक आहे, आणि मराठीत आणताना त्याचं ‘माझं एक स्वप्न आहे’ असं करण्यावाचून गत्यंतर नसतं. अंघोळीच्या बाबतीत खुद्द इंग्रजांचं आणि अमेरिकनांचं जमत नाही. ब्रिटिश माणूस सहसा ‘हॅव अ बाथ’ म्हणतो, अमेरिकन ‘टेक अ बाथ’.

इथवर ‘हॅव’ हे मुख्य क्रियापद होतं. त्याचं दुसरं रूप, दुसऱ्या क्रियापदाला टेकू देणारं, याहून जास्त छळतं. ‘आय हॅव रिटन अ लेटर’ यात कोणाकडे काय ‘आहे’? पत्र तर टपालातही गेलं असेल.

याचं उत्तर इतिहासात आहे. ‘हॅव’चं जुनं इंग्रजी रूप ‘हाब्बान’. त्याचं मूळ ‘कप्’ अशा ध्वनीच्या, पकडणे या अर्थाच्या प्राचीन धातूत नेऊन पोचवतात, आणि त्या धातूचं लॅटिनमधलं अपत्य म्हणजे ‘कापेरे’. गंमत अशी की लॅटिनमध्ये ‘हाबेरे’ नावाचं, दिसायला हुबेहूब आणि अर्थानेही तेच असं क्रियापद आहे, पण ते ‘हॅव’चं सख्खं सोडाच, चुलतही नाही. ‘हाबेरे’चं नातं उलट इंग्रजी ‘गिव्ह’शी जोडलं जातं. तर या पकडणाऱ्या ‘हॅव’ने जुन्या इंग्रजीत ‘माझ्यापाशी पत्र लिहिलेल्या अवस्थेत आहे’ अशी वाक्यं तयार केली. कालांतराने ‘पत्र’ आणि ‘लिहिलेलं’ यांच्या जागा बदलल्या, मालकीचा अर्थ विरत गेला आणि ‘लिहून झालं आहे’ एवढाच उरला.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘हा सिनेमा माझा पाहिलेला आहे.’ ‘ते गाव आमचं पाहिलेलं आहे.’ सिनेमा काही आपल्या मालकीचा नसतो. तरी ‘माझा’ म्हणतो, आणि अर्थ ‘मी पाहिला आहे’ असाच असतो. मालकीची विभक्ती आणि भूतकाळवाचक विशेषण एकत्र आणून झालेल्या गोष्टीचा हिशोब सांगायचा, ही युक्ती मराठीने स्वतःच्या घरी वेगळी शोधली आहे. ‘आय हॅव सीन धिस फिल्म’ शिकवताना ‘मी पाहिला आहे’पेक्षा ‘माझा पाहिलेला आहे’ हे वाक्य फळ्यावर लिहिलं तर काम लवकर होईल.

इंग्रजीत जाणे-येणे अशा क्रियापदांना पूर्वी ‘हॅव’ऐवजी ‘बी’ लागत असे. तो आला आहे याला ‘ही इज कम’. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतली माणसंदेखील असं बोलतात, आणि जर्मन व फ्रेंच आजही हा भेद पाळतात. त्यामुळे एखाद्या मुलाने ‘माय अंकल इज कम’ लिहिलं, तर ते चूक आहे खरं, पण दोनशे वर्षं उशिरा लिहिल्यामुळे चूक आहे. इंग्रजीने पुढे ‘बी’ला या कामातून जवळजवळ मोकळं केलं आणि सगळा भार ‘हॅव’वर टाकला.

आता मुख्य अडचण. शाळेत एक तक्ता शिकवला जातो: ‘केलं आहे’ म्हणजे ‘हॅव’ अधिक तिसरं रूप, ‘केलं होतं’ म्हणजे ‘हॅड’ अधिक तिसरं रूप. तक्ता सुटसुटीत आहे, परीक्षेपुरता चालतो, आणि नोकरीत पहिल्या दिवसापासून दगा देतो.

आधी ‘आहे’ची बाजू. ‘मी काल मेल पाठवली आहे’ हे निर्दोष मराठी. काल पाठवली, आणि ती पाठवलेली आहे, म्हणजे आता तुम्ही पाहा. तक्त्याप्रमाणे याचं ‘आय हॅव सेंट द मेल यस्टरडे’ होतं, आणि ते चुकतं. इंग्रजीतलं ‘हॅव सेंट’ आजच्या दिवसाशी बांधलेलं असतं. कृती केव्हा झाली याची तारीख त्याच्या शेजारी खपत नाही. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१९’ यांपैकी काही आलं की ‘हॅव’ने निघून जायचं आणि साधं ‘सेंट’ राहायचं. ‘टुडे’, ‘धिस वीक’, ‘ऑलरेडी’ मात्र चालतात, कारण त्यांचा काळ अजून संपलेला नाही किंवा त्यांनी तारीखच दिलेली नाही. यात अमेरिकन लोक आणखी सैल आहेत. ब्रिटिश माणूस ‘हॅव यू हॅड लंच यट?’ विचारेल तिथे अमेरिकन ‘डिड यू हॅव लंच यट?’ सहज म्हणतो. याच प्रश्नाला मराठी माणूस ‘माझं जेवण झालंय’ मनात म्हणत ‘माय लंच इज ओव्हर’ असं उत्तर देतो. ‘हॅव’ दोनदा घेऊन ‘आय हॅव हॅड लंच’ म्हणायला जीभच धजत नाही.

‘होतं’ची बाजू जास्त अवघड, म्हणून तिच्यावर या पुस्तकात सर्वांत मोठं प्रकरण आहे. ‘मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो.’ याचं ‘वी हॅड गॉन टू महाबळेश्वर इन मे’ असं भाषांतर होतं, आणि इंग्रजी माणूस पुढचं ऐकायला थांबतो. गेला होतात, आणि मग? दरम्यान घरी चोरी झाली? कारण त्याच्या भाषेत ‘हॅड गॉन’ ही मागची घटना असते. तिच्या पुढे भूतकाळातलीच दुसरी घटना उभी असावी लागते, उघड नाही तर निदान संदर्भात. मराठीची अशी अट नाही. ‘आम्ही महाबळेश्वरला गेलो’ म्हटलं की गोष्ट सुरू होते, आता पुढे काय झालं ते सांगा. ‘गेलो होतो’ म्हटलं की गोष्ट मिटली. गेलो, परत आलो, विषय संपला. म्हणजे जे वाक्य मराठीत पूर्णविराम देतं, तेच इंग्रजीत जाऊन स्वल्पविराम देतं.

तक्ता इतकी वर्षं टिकला कसा? पाठ्यपुस्तकांतलं उदाहरण ठरलेलं असतं. ‘आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती.’ इथे दोन घटना आहेत, एक आधीची आणि एक नंतरची, त्यामुळे ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’ हे दोन्ही भाषांत चपखल बसतं. मराठी आणि इंग्रजी ज्या एका ठिकाणी एकत्र येतात तेवढंच विद्यार्थ्याला दाखवलं जातं. त्या स्टेशनबाहेर पडल्यावर तो ‘आय हॅड मेट हिम लास्ट संडे’, ‘यू हॅड टोल्ड मी’, ‘ॲज आय हॅड मेन्शन्ड इन माय लास्ट मेल’ असं लिहीत राहतो. तिन्ही ठिकाणी साधा भूतकाळ पुरेसा आहे.

गेलेल्या माणसाचं काय झालं, हे सांगायची इंग्रजीची सोय वेगळी आहे, आणि इथे मराठी पुन्हा मदतीला येते. ‘तो दुबईला गेलाय’ म्हणजे ‘ही हॅज गॉन टू दुबई’, अजून तिकडेच आहे. ‘तो दुबईला जाऊन आलाय’ म्हणजे ‘ही हॅज बीन टू दुबई’. ‘हॅज बीन टू’ हे कोडं वर्षानुवर्षं न सुटलेल्या माणसाला ‘जाऊन आलाय’ हे दोन शब्द सांगितले की पुरतात.

डॉक्टरांच्या खोलीतलं एक वाक्य जवळून पाहण्यासारखं आहे, कारण त्यात तीन गाठी एकदम बसतात: ‘आय अॅम हॅविंग फीवर सिन्स टू डेज.’ मूळ मराठी ‘मला दोन दिवसांपासून ताप आहे.’ पहिली गाठ ‘अॅम हॅविंग’ची, ती वर आली. दुसरी ‘पासून’ची. मराठी ‘सोमवारपासून’ही म्हणते आणि ‘दोन दिवसांपासून’ही. इंग्रजी सुरुवातीच्या बिंदूला ‘सिन्स’ लावतं आणि लांबीला ‘फॉर’, म्हणून ‘सिन्स मंडे’ पण ‘फॉर टू डेज’. तिसरी गाठ काळाची. ताप आत्ता आहे म्हणून मराठी वर्तमानात बोलते. इंग्रजी मात्र तो परवा सुरू झाला आणि आजवर चालू राहिला हा सगळा पल्ला मोजतं, आणि अशा पल्ल्यासाठी त्याला ‘हॅव’ अधिक तिसरं रूप हवं असतं. ‘हॅव’चं तिसरं रूप ‘हॅड’. म्हणून ‘आय हॅव हॅड अ फीवर फॉर टू डेज’. पहिलं ‘हॅव’ टेकू आहे आणि दुसरं ‘हॅड’ तापाचं आहे. छपाईची चूक वाटावी असं हे वाक्य पूर्ण शुद्ध आहे. पुढे जाऊन ‘ही हॅड हॅड’ असंही घडतं, आणि ओळीने अकरा ‘हॅड’ येऊनही अर्थ लागतो असं एक वाक्य इंग्रजी शाळांतून कोडं म्हणून फिरतं. ते इथे दिलेलं नाही, वाचकाशी वैर नाही म्हणून.

‘हॅव टू’ची कथा निराळी. बोलताना याचा उच्चार ‘हॅफ्टू’ होतो, आणि हप्त्याशी त्याचं उच्चारसाम्य आहे तसं अर्थाचंही आहे, कारण दोन्ही चुकवता येत नाहीत. इथे मराठीतलं ‘जायचं आहे’ फसवं आहे. ‘मला आज लवकर जायचं आहे’ यात हौस आहे की गरज, हे वाक्यावरून कळत नाही. सूर आणि चेहरा पाहून समोरचा ओळखतो. इंग्रजीत निवड आधीच करावी लागते. ‘आय वाँट टू लीव्ह अर्ली’ म्हणजे इच्छा, ‘आय हॅव टू लीव्ह अर्ली’ म्हणजे भाग आहे. मुलाला दवाखान्यात न्यायचं असलेला कर्मचारी साहेबाला ‘आय वाँट टू गो’ म्हणतो, तेव्हा त्याची गरज साहेबाच्या कानी लहर होऊन पोचते. नकारात तर आणखी घोळ. ‘उद्या यायला नको’ याला ‘यू डोन्ट हॅव टू कम’, म्हणजे आला नाहीत तरी चालेल. ‘उद्या येऊ नका’ याला ‘यू मस्ट नॉट कम’, म्हणजे बंदी. दोहोंत ‘न’ आहे म्हणून एकाच्या जागी दुसरं लिहिणाऱ्याने पाहुण्याला दारातून परत पाठवलेलं असतं.

घर बांधण्याचंही असंच. ‘त्याने पुण्यात घर बांधलं’ म्हटल्यावर त्याने थापी हातात घेतली असेल असं कोणी समजत नाही. गवंडी, सुतार, ठेकेदार हे सगळे मराठी गृहीत धरते. केस ‘कापले’ म्हणजेही सलूनमध्ये जाऊन कापवून घेतले. इंग्रजी इथे विलक्षण प्रामाणिक आहे. ‘आय कट माय हेअर’ म्हणजे आरशासमोर स्वतः कात्री चालवली. दुसऱ्याकडून करवून घेतलं असेल तर ‘आय हॅड माय हेअर कट’, ‘ही हॅड अ हाउस बिल्ट’. मराठीत ‘बांधून घेतलं’, ‘शिवून घेतलं’ आहेच, फक्त ते सक्तीचं नाही. पण हीच इंग्रजी रचना संकटालाही चालते. ‘ही हॅड हिज पॉकेट पिक्ड’ म्हणजे त्याने खिसा कापवून घेतला असं नव्हे, त्याचा खिसा मारला गेला. करवून घेणं आणि सोसावं लागणं या दोन टोकांना एकच साचा, आणि कोणतं टोक ते केवळ व्यवहारज्ञानावर सोडलेलं. याचा तर्कशुद्ध खुलासा शोधण्यात वेळ घालवू नये.

बाकीच्या काही गोष्टी इथे नुसत्या दाखवून पुढे जाता येईल. ‘हॅव गॉट’ हे ‘हॅव’चंच ब्रिटिश बोलीतलं लाडकं रूप. ‘हॅव यू अ पेन?’ हे जुन्या शालेय पुस्तकांतलं वळण आता जवळजवळ कालबाह्य झालं आहे. ‘डू यू हॅव अ पेन?’ सर्वत्र चालतं, मात्र ‘डज’ आलं की पुढे ‘हॅज’ नको, ‘डज ही हॅव’. ‘यू हॅड बेटर गो’ यात ‘हॅड’ असूनही काळ भूत नाही. ‘तू गेलेलं बरं’ यातलं ‘गेलेलं’ जसं भूतकाळी दिसून पुढचं सांगतं, तसंच. त्यात धमकीची किंचित छटा असते, तेव्हा वरिष्ठांना लिहिताना ते जपून वापरलेलं बरं.

उच्चाराबद्दल एक मात्र सांगायला हवं. बोलण्यात टेकूचं ‘हॅव’ जवळजवळ नाहीसं होतं. ‘आय्‌व्ह’, ‘दे‌व्ह’, ‘शुड्‌व्ह’. हे न ऐकू आल्यामुळे मराठी माणूस ते गाळतो आणि ‘आय सीन इट’ लिहितो. जन्माने इंग्रजी बोलणारी मुलं उलट अर्धवट ऐकतात आणि ‘शुड हॅव’च्या जागी ‘शुड ऑफ’ लिहितात, कारण कानाला ते तसंच लागतं. तिकडचे शिक्षक या ‘ऑफ’पुढे हतबल आहेत. ही चूक मराठी विद्यार्थी सहसा करत नाही. त्याने ‘हॅव’ आधी डोळ्यांनी शिकलेलं असतं आणि कानांनी नंतर.

पुढची प्रकरणं व्याकरणाच्या नेहमीच्या क्रमाने लावलेली नाहीत. मराठी वाक्य आधी, त्याचं इंग्रजी नंतर, असा क्रम आहे. पहिल्या भागात ‘मला, माझ्याकडे, माझ्याजवळ’, दुसऱ्यात ‘झालं आहे’ आणि ‘झालं होतं’, तिसऱ्यात ‘जायचं आहे’ आणि ‘करवून घेतलं’. घाई असलेल्याने दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. त्याआधी आपणच गेल्या आठवड्यात पाठवलेल्या इंग्रजी मेल उघडून त्यांतल्या प्रत्येक ‘हॅड’खाली रेघ ओढावी, आणि त्याच्या पुढे भूतकाळातली दुसरी घटना आहे का ते पाहावं. नसेल तिथे ‘हॅड’ खोडून साधा भूतकाळ घालावा. ‘ॲज आय हॅड मेन्शन्ड’ बहुधा पहिल्याच मेलमध्ये सापडेल.